बनावट पान, एक-तारा रिव्ह्यूंचा पाऊस आणि धंद्याचं नाव: आधी कशाला हात घालायचा?

चौथा_मजला (धागाकर्ता)

मंडळी, चर्चेसाठी एक प्रसंग धरू. मध्यम आकाराचा धंदा आहे, माल ऑनलाइन विकला जातो. एकाच आठवड्यात तीन गोष्टी घडतात.

एक, कुणीतरी आपला लोगो नि फोटो उचलून हुबेहूब पान उघडतं आणि आगाऊ पैसे घेतं. दोन, दोन दिवसांत १४ एक-तारा रिव्ह्यू पडतात, बहुतेक बिनमजकुराचे. तीन, त्या चौदांतला एक रिव्ह्यू खरा आहे: माल उशिरा पोचला आणि फुटका निघाला.

माझं मत असं की रिव्ह्यूंना उत्तरच देऊ नये, दिल्याने ते आणखी वर येतात. आणि सगळ्यांना एकदम वकिलाची नोटीस धाडावी, म्हणजे धाक बसतो. चुकत असेन तर सांगा. क्रम काय असावा?

---

रिकामटेकडा_नं१

सगळ्यांना नोटीस = हात दाखवून अवलक्षण. शेंगदाणे घेऊन बसलोय, चालू द्या.

---

खोडरबर

नोटीस, तक्रार, उत्तर सगळं नंतर. आधी पुरावा. बहुतेक जण इथेच माती खातात. पान दिसलं की 'रिपोर्ट' दाबतात, पान उडतं, आणि पुराव्यादाखल हातात मोबाईलवरचा एक अर्धवट कापलेला स्क्रीनशॉट उरतो.

स्क्रीनशॉट संगणकावरून, पूर्ण पानाचा घ्या. वर पत्ता आणि कोपऱ्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. खात्याचं नुसतं नाव टिपून भागत नाही, कारण नाव मिनिटात बदलता येतं. प्रोफाइलच्या दुव्यातला किंवा पानाच्या सोर्समधला (पानामागच्या कोडमधला) अंकी ओळख क्रमांक टिपा, तो बदलत नाही. पैसे ज्या खात्यावर किंवा क्यूआर कोडवर मागितले जातायत, त्याचं स्वतंत्र चित्र ठेवा. सार्वजनिक पान असेल तर वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती तारखेसह जपणारं संकेतस्थळ) त्याची प्रत साठवा. पुढे समोरचा 'असं काही नव्हतंच' म्हणाला तर ही तिऱ्हाईत नोंद कामी येते.

हे सगळं एका फोल्डरात टाका. मूळ फाइलींना हात लावू नका, लाल गोल वगैरे काढायचे ते प्रतीवर. वीस मिनिटांचं काम आहे.

---

अर्धविराम

रिकामटेकड्यांनी एका ओळीत जे सांगितलं त्याचा प्रसिद्ध दाखला २००३ चा. गायिका बार्ब्रा स्ट्रायसँड यांनी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याची छायाचित्रं घेणाऱ्यावर ५ कोटी डॉलरचा दावा लावला, कारण सुमारे १२ हजार फोटोंपैकी एकात त्यांचं घर दिसत होतं. दाव्याआधी तो फोटो एकूण सहा वेळा डाउनलोड झाला होता, त्यातले दोन त्यांच्याच वकिलांचे! दाव्याची बातमी झाली आणि पुढच्या महिन्याभरात चार लाखांवर लोक तो पाहून गेले. दावा फेटाळला गेला आणि समोरच्याचा वकीलखर्चही त्यांनाच भरावा लागला. २००५ पासून या प्रकाराला त्यांचंच नाव चिकटलं.

तेव्हा एकच औषध सगळ्यांना नको. बनावट पानाला प्लॅटफॉर्मच्या फॉर्मवरून तक्रार. नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर त्याचा क्रमांक आणि वर्ग घाला. नसेल तर एक आडवाट आहे: त्यांनी आपले फोटो उचलले असतील तर कॉपीराइटची तक्रार करा. तिला नोंदणी लागत नाही आणि अनेकदा ती आधी मार्गी लागते. मात्र फोटो खरंच आपला हवा. पुरवठादाराकडून आलेला कॅटलॉगमधला फोटो 'आमचा' म्हणून टाकलात तर समोरचा प्रतिदावा करतो आणि तुमचीच पुढची तक्रार संशयाने पाहिली जाते.

खऱ्या ग्राहकाला नोटीस मात्र चुकूनही नको. ती नोटीसच त्याची पुढची पोस्ट असते.

---

चौथा_मजला

नोटिशीचं पटलं, मागे घेतो. पण रिव्ह्यूला उत्तर न देण्यात काय चूक आहे? चिखलात दगड मारला की शिंतोडे आपल्याच अंगावर.

---

तळटीप

चूक अशी की उत्तर त्या ग्राहकासाठी नसतंच. ते वाचणाऱ्या पुढच्या दोनशे जणांसाठी असतं.

प्रोसर्पिओ आणि झर्वास या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रवाशांच्या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावरच्या, म्हणजे ट्रिपअ‍ॅडव्हायझरवरच्या हॉटेलांचा अभ्यास मांडला. उत्तरं द्यायला लागल्यावर हॉटेलांना येणारे रिव्ह्यू १२ टक्क्यांनी वाढले आणि सरासरी ०.१२ तारा वर गेली. आकडा लहान वाटेल, पण दर्शनी तारे अर्ध्या पटीत पूर्णांकित होतात तिथे काठावरचा धंदा तेवढ्याने पुढच्या पायरीवर जातो. कारणही गमतीचं आहे. मालक वाचतोय हे कळलं की उगाच चार शब्द फेकून जाणारे थबकतात. वाईट रिव्ह्यू कमी होतात, पण जे येतात ते लांबलचक आणि मुद्देसूद असतात. म्हणजे उत्तर द्यायची तयारी हवी.

उत्तर कसं नसावं: 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' हे चौदा जणांना चौदा वेळा चिकटवलं की वाचणाऱ्याला कळतं, आत माणूस नाही.

कसं असावं: 'पार्सलला सांगितलेल्या तारखेपेक्षा सहा दिवस जास्त लागले आणि तुमच्या दोन मेलना आमच्याकडून उत्तर गेलं नाही. झाकणाची खाच तुटलेली निघाली असं तुम्ही लिहिलंय. बदली झाकण आज निघतंय, पोच क्रमांक संध्याकाळपर्यंत मेलवर येईल.' खाली नाव आणि हुद्दा. चार वाक्यांच्या वर जाऊ नये.

---

सडेतोड

तळटीप, नमुना चांगला आहे, पण त्यात एक खोट आहे. 'तुमच्या दोन मेलना' हे ग्राहकाने जाहीर लिहिलं होतं का? नसेल तर तुम्ही त्याचा खाजगी व्यवहार चव्हाट्यावर मांडलात. जेवढं त्याने उघड केलं, तेवढ्यावरच उघड बोलायचं. दवाखाना, वकिली, कर्ज असल्या धंद्यांत तर 'हो, तुम्ही आमच्याकडे आला होतात' एवढं कबूल करणंही अनेक ठिकाणी गोपनीयतेचा भंग ठरतो. तिथे सर्वसाधारण धोरण सांगायचं आणि बोलणं खाजगीत न्यायचं.

दुसरं, इजा झाल्याची तक्रार असेल तर 'चूक आमची' लिहायच्या आधी विमा कंपनीला कळवा. दायित्वाच्या (आपल्यामुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान भरून देणाऱ्या) पॉलिसीत परस्पर चूक कबूल करू नये असं कलम बहुधा असतं. दिलगिरी व्यक्त करता येते, काय करतोय ते सांगता येतं, कारण मात्र तपासाआधी सांगू नये.

---

तळटीप

मेलचा मुद्दा मान्य, ते वाक्य काढा. विम्याचंही बरोबर. पण फुटक्या झाकणासाठी विमा कंपनी कशाला, तिथे सरळ चूक मानलेली बरी.

---

ज्ञानपिपासू

बाकीच्या तेरा बनावट रिव्ह्यूंचं काय? आपल्याच चार ओळखीच्यांना पाच-पाच तारे द्यायला सांगितले की सरासरी भरून निघेल ना?

---

सडेतोड

नाही! बनावटावर बनावट हा सगळ्यात महाग उपाय आहे. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेचा नियम लागू आहे. खोटे रिव्ह्यू विकत घेणं तर आलंच, पण मालकाने-अधिकाऱ्याने नातं न सांगता रिव्ह्यू लिहिणं आणि चांगलंच लिहाल या बोलीवर बक्षीस देणं यालाही दंड आहे. युरोपीय संघात मे २०२२ पासून तत्सम तरतुदी आहेत. कायदा बाजूला ठेवा, प्लॅटफॉर्मला एकाच वाय-फायवरून आलेली पाच खाती दिसतात. मग खरे रिव्ह्यूही उडतात.

'आधी विचारा खूश आहात का, हो म्हणाला तरच रिव्ह्यूचा दुवा द्या' ही चाळणीही गूगलच्या धोरणात बसत नाही. विचारायचं तर सगळ्यांना.

तेरांची तक्रार करताना 'खोटं आहे' लिहून उपयोग नाही, कोणता नियम मोडला ते सांगा. एकाच दिवशी उघडलेली खाती, सहा तासांत सहा शहरांतल्या धंद्यांना एक-तारा, शब्दशः सारखी वाक्यं, असा नमुना तक्त्यात मांडा. एकेक तक्रार नाकारली जाते, नमुना पाहिला जातो. 'मला आवडलं नाही' हा मात्र नियमभंग नाही, तो रिव्ह्यू राहणारच.

---

रिकामटेकडा_नं१

सगळीकडे ५.० दिसलं की पहिला संशय मालकाच्या मेहुण्यावर.

---

तळटीप

तुमच्या मेहुण्याला आकड्यांचा आधार आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगल केंद्राने २०१७ मध्ये दाखवलं की खरेदीची शक्यता ४.० ते ४.७ च्या दरम्यान सर्वांत जास्त असते, पाचाच्या जवळ गेली की उतरते. आणि हार्वर्डच्या मायकेल लुका यांच्या २०११ च्या अभ्यासात येल्प या रिव्ह्यूंच्या संकेतस्थळावरचा एक तारा वाढला की स्वतंत्र उपाहारगृहांचा गल्ला ५ ते ९ टक्के वाढतो असं दिसलं, साखळी उपाहारगृहांवर मात्र परिणाम दिसला नाही. त्यांचं नाव आधीच माहीत असतं. म्हणजे रिव्ह्यूची झळ लहान नावाला जास्त.

---

पोस्टमन_काका

सगळे पान नि रिव्ह्यू धरून बसलेत. तुमच्या नावाने जाणाऱ्या मेलचं काय? 'आमचा बँक खाते क्रमांक बदलला आहे' असा मेल तुमच्याच डोमेनवरून गेलेला दिसला तर ग्राहक तुम्हालाच शिव्या घालणार.

तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची माहिती ठेवणाऱ्या इंटरनेटच्या नोंदवहीत) असतात. एसपीएफ सांगतं की आमच्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात. डीकिम प्रत्येक मेलवर सही करतं. डीमार्क सांगतं की 'प्रेषक'मध्ये दिसणारं डोमेन या दोघांपैकी एकाशी तरी जुळलं नाही तर काय करायचं, आणि त्याचा अहवाल कुठे पाठवायचा. डीमार्कच्या तीन पायऱ्या: नन, क्वारंटाइन (संशयित म्हणून स्पॅममध्ये टाका), रिजेक्ट (घेऊच नका).

बिघडतं कुठे? एक, लोक 'नन' लावून झोपी जातात. नन म्हणजे फक्त बघ्याची भूमिका, काहीही अडत नाही. दोन, उलटं टोक: उत्साहात पहिल्याच दिवशी 'रिजेक्ट' लावतात आणि स्वतःचीच बिलं अडकतात, कारण बिलं पाठवणारी सेवा वेगळी होती आणि तिला डीकिमची किल्ली कुणी दिलीच नव्हती. तीन, एसपीएफमध्ये डीएनएस विचारणांची मर्यादा १० आहे. दर नव्या सेवेचा 'इन्क्लूड' डकवत गेलात की अकराव्याला अख्खी नोंद बाद ठरते.

रीत अशी: नन लावा, तीन-चार आठवडे अहवाल वाचा, आपले सगळे खरे प्रेषक सापडले की क्वारंटाइन आधी १०-२० टक्क्यांवर, मग शंभरावर, मग रिजेक्ट. ज्या डोमेनवरून तुम्ही मेल पाठवतच नाही, त्यांना मात्र पहिल्या दिवशीच रिजेक्ट, तिथे अडकण्यासारखं काही नसतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू घाऊक मेल धाडणाऱ्यांकडे (गूगलच्या लेखी दिवसाला ५ हजारांवर) डीमार्क मागतात, पण त्यांना नन चालतो. तेवढ्यावर समाधान मानू नका.

---

ज्ञानपिपासू

काका, मग रिजेक्ट लावला की बनावट मेल बंद?

---

पोस्टमन_काका

तुमच्या नेमक्या डोमेनवरून निघालेले बहुतेक अडतील. शेजारच्या डोमेनवरून नाही. रोमन लिपीत आर आणि एन चिकटून आले की एम वाटतो, लहान एल आणि आकडा एक सारखेच दिसतात. तसलं डोमेन घेऊन चोर स्वतःच नीट डीमार्क लावतो.

---

शाईचा_डाग

त्यावर नजर ठेवायची फुकट सोय आहे: सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीचे लॉग. कुलपाचं चिन्ह मिळवायला चोरालाही सर्टिफिकेट घ्यावं लागतं आणि ते जाहीर नोंदवहीत पडतं. क्रोमने एप्रिल २०१८ नंतरच्या सर्टिफिकेटांना ही नोंद सक्तीची केली. आपल्या नावाचा शब्द टाकून सूचना लावली तर पान सजायच्या आधीच कळतं.

सापडल्यावर आधी रजिस्ट्रार (डोमेन विकणारी कंपनी) आणि होस्टिंग कंपनीच्या (जिच्या सर्व्हरवर पान आहे ती) गैरवापर-तक्रारीच्या पत्त्यावर लिहा. पैसे उकळणारं पान असेल तर तेच सर्वांत लवकर हलतात. डोमेनच हवं असेल तर आयकॅन या डोमेन-नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचं यूडीआरपी हे तंटा सोडवायचं धोरण आहे, १९९९ पासूनचं. तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, तिन्ही एकदम: डोमेन तुमच्या ट्रेडमार्कशी फसवं साम्य राखतं, समोरच्याचा त्यावर कायदेशीर हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने नोंदवलं नि वापरलं. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एका पंचासाठी, पाच डोमेनपर्यंत, १५०० डॉलर शुल्क. समोरच्याला उत्तराला २० दिवस. साधारण दोन महिन्यांत निकाल. मिळतं काय? डोमेन तुमच्या नावावर किंवा रद्द. नुकसानभरपाई शून्य.

आणि डोमेन-मालकाच्या रकान्यात तुमच्या कंपनीचं नाव आहे ना, ते आज बघा. वेबसाइट करून देणाऱ्याचं नाव तिथे राहून गेलेलं असतं. भांडण झालं की दारच त्याचं.

---

अर्धविराम

अवांतर: नाव फार गाजलं तरी धोका असतो. अ‍ॅस्पिरिन हा बायर या औषध कंपनीचा ट्रेडमार्क होता, अमेरिकेत १९२१ मध्ये तो सामान्यनाम (कुणीही वापरावा असा शब्द) ठरला. 'एस्कलेटर' (सरकता जिना) ओटिस कंपनीचा होता, १९५० मध्ये गेला. त्यात ओटिसने स्वतःच जाहिरातीत तो शब्द 'एलिव्हेटर' (लिफ्ट) या साध्या शब्दासारखा वापरला होता, हेच अंगाशी आलं. म्हणून ब्रँडचं नाव क्रियापद किंवा अनेकवचन म्हणून स्वतः तरी वापरू नये, मागे वस्तूचं नाव जोडावं.

---

रिकामटेकडा_नं१

आमच्या ब्रँडला सामान्यनाम व्हायची भीती? देव करो नि तेवढी अडचण येवो.

---

कडीकोयंडा

पासवर्डबद्दल कुणीच बोललं नाही. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या एचएमव्ही या संगीत-दुकानांच्या कंपनीत नोकरकपात चालू असताना कर्मचाऱ्यांनी कंपनीच्याच ट्विटर खात्यावरून तिचं थेट वर्णन केलं. त्यातल्या एका ट्वीटप्रमाणे मार्केटिंग प्रमुख विचारत होते, 'ट्विटर बंद कसं करतात?'

दोन प्रशासक हवेत, एक कधीच नको, पाच तर नकोच. ओटीपी कुणा एकाच्या खाजगी मोबाईलवर जात असेल तर तो माणूस सोडून गेला की खातं गेलं. प्रमाणीकरण अ‍ॅप वापरा, राखीव कोड छापून कुलपात ठेवा. जुन्या एजन्सीला दिलेली परवानगी आणि कधीकाळी जोडलेली पोस्ट-शेड्युलिंगची अ‍ॅप्स दर तीन महिन्यांनी छाटा. आणि संकट आलं की पहिल्यांदा शेड्यूल केलेल्या पोस्ट थांबवा. इकडे ग्राहक फुटका माल दाखवतोय आणि तिकडे 'आनंद द्विगुणित करा' अशी जाहिरात सुटते.

---

सडेतोड

ही सगळी कुलपं झाली. घरात चोरण्यासारखं काही हवं ना. माल खराब असेल तर डीमार्क काय वाचवणार? बूँद से गयी सो हौद से नहीं आती.

सॅमसंगचा नोट ७ हा फोन आठवा. सप्टेंबर २०१६ मध्ये पेटणाऱ्या बॅटऱ्यांमुळे सुमारे २५ लाख फोन परत बोलावले. दोष एका पुरवठादाराच्या बॅटरीत असं धरून दुसऱ्याच्या बॅटरीचे फोन बदली दिले. तेही पेटले, ऑक्टोबरमध्ये मॉडेलच बंद. जानेवारी २०१७ च्या खुलाशात कळलं की दोन पुरवठादारांच्या बॅटऱ्यांत दोन वेगळे दोष होते. कारण पुरतं कळायच्या आधी बदली माल दिला, म्हणून एकाचे दोन घोटाळे झाले. त्यापेक्षा १९८२ चं टायलेनॉल हे वेदनाशामक बघा: कुणीतरी त्यात विष घातलं, शिकागो परिसरात सात मृत्यू, जॉन्सन अँड जॉन्सनने ३ कोटींवर बाटल्या उचलल्या आणि काही आठवड्यांत तिहेरी सीलच्या वेष्टनात औषध परत आणलं.

---

तळटीप

टायलेनॉलचा दाखला देऊन देऊन गुळगुळीत झालाय, आणि तो इथे बसत नाही. विष बाहेरच्याने घातलं होतं, कंपनी स्वतःच बळी होती. सहानुभूती आयती मिळाली. आपला प्रश्न असतो चूक आपली असताना काय.

त्यासाठी पेरिए हा बाटलीबंद पाण्याचा फ्रेंच ब्रँड बघा, १९९०. पाण्यात बेंझीन हे घातक रसायन सापडलं. आधी सांगितलं, फक्त उत्तर अमेरिकेच्या बाटल्या, यंत्र पुसताना झालेली चूक. मग युरोपातही सापडलं, मग खुलासा फिल्टरवर आला. शेवटी जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या मागे. बेंझीनपेक्षा बदलत्या खुलाशांनी जास्त घालवलं. आणि चांगला नमुना केएफसी, फेब्रुवारी २०१८: नवा वाहतूकदार नेमला आणि ब्रिटनमधल्या सुमारे ९०० दुकानांपैकी निम्म्याहून अधिक बंद पडली, कारण कोंबडीच पोचेना. त्यांनी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, रिकाम्या बकेटवर स्वतःच्याच नावाची अक्षरं उलटसुलट करून शिवी वाटेल अशी. खाली सरळ माफी. विनोद चालला कारण कुणाला इजा झाली नव्हती. नोट ७ च्या वेळी असं कुणी केलं असतं तर दगड खाल्ले असते.

---

खोडरबर

पहिल्या तासाचं निवेदन आधीच लिहून ठेवावं, तहान लागल्यावर विहीर खणू नये. रिकाम्या जागा सोडून असं:

'आज सकाळी __ वाजल्यापासून आमच्या नावाचं एक बनावट पान __ या पत्त्यावर पैसे मागत आहे. ते आमचं नाही. आमची सर्व अधिकृत खाती आणि पैसे भरायचा एकमेव मार्ग आमच्या संकेतस्थळावरच्या "अधिकृत संपर्क" पानावर आहे. तिथे पैसे भरले असतील तर आधी बँकेला कळवा, मग पावती __ वर पाठवा. पुढची माहिती आज __ वाजता.'

शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. वेळ दिली की लोक तोवर थांबतात. त्या वेळी नवं काही नसलं तरी 'अजून तपास चालू' एवढं टाकायचंच. बनावट पानाचा पत्ता चित्रात दाखवा, चालू दुवा देऊ नका, नाहीतर आपणच गिऱ्हाईक पोचवतो.

---

चौथा_मजला

बरंच शिकलो. पण मूळ प्रश्न उरलाच: तिन्ही एकदम आले तर क्रम?

---

खोडरबर

ज्याने लोकांचे पैसे चालू क्षणी जातायत ते आधी. म्हणजे पान: पुरावा, निवेदन, तक्रार, आणि पैसे जाणाऱ्या बँक किंवा पेमेंट कंपनीला फसवणुकीची खबर. पान पुन्हा उघडायला दहा मिनिटं लागतात, नवं बँक खातं मिळवायला वेळ लागतो, त्यामुळे घाव बँक खात्यावर. त्याच दिवशी खऱ्या ग्राहकाला उत्तर आणि बदली माल. तेरा जण परवापर्यंत थांबले तरी चालतात.

खरा कसा ओळखायचा? ऑर्डरच्या यादीशी तारीख ताडून बघा. आणि खरा माणूस खाच, झाकण, चौथा दिवस असं काहीतरी नेमकं लिहितो. शंका असेल तर खरा धरूनच उत्तर द्या: 'या नावाने ऑर्डर सापडत नाही, क्रमांक खाजगीत कळवाल का?' खोटा असेल तर तिथेच गप्प होतो.

---

चौथा_मजला

आणि बनावट पानावर ज्यांनी पैसे भरले, ते माल मागायला आपल्या दारात आले तर?

---

सडेतोड

द्यायचा नाही. एकदा दिलात की चोराच्या विक्रीची हमी तुम्ही घेतलीत, उद्या बनावट पावत्या घेऊन रांग लागेल. बँकेत आणि सायबर पोलिसांकडे तक्रार करायला मदत करा, आपला पुराव्याचा फोल्डर द्या, बस.

---

तळटीप

सरसकट नाही, पण सरसकट नकारही नाही. निवेदनाच्या वेळेआधी पैसे भरलेले आणि बँकेची पावती दाखवणारे यांना खरेदीवर सूट देता येते. वेळ जाहीर केलेली असल्याने रांग आपोआप बंद होते. मात्र ती 'भरपाई' म्हणून द्यायची नाही, सवलत म्हणूनच, आणि तसं लेखी.

---

सडेतोड

वेळेआधीच्या पावत्याही बनवता येतात की.

---

तळटीप

म्हणूनच पावतीचं चित्र नको. व्यवहार क्रमांक घ्या आणि तो बँक तक्रारीच्या पोचपावतीवर आहे का ते बघा.